उठ म्हणायच्या आधी

चिमटा मॅडमचा हात पुढे गेला तेव्हा पेशंटच्या डोळ्यात अजून काहीच बिघडलं नव्हतं. बिघडण्याच्या बेतात होतं, एवढंच.

मायक्रोस्कोपच्या मुख्य स्टुलावर घुमी बसली होती. शेवटच्या वर्षाची निवासी डॉक्टर. विचारल्याशिवाय बोलायची नाही, म्हणून तिला घुमी म्हणत, आणि तिनं ते कधी मनावर घेतलं नव्हतं. शेजारच्या स्टुलावर, त्याच मायक्रोस्कोपच्या दुसऱ्या नळीला डोळे लावून, चिमटा मॅडम. या विभागातल्या सहयोगी प्राध्यापक, आणि ऑपरेशन शिकवणाऱ्यांमधल्या एकुलत्या एक बाई. चिमटा हे नाव विद्यार्थ्यांनी दिलेलं. ते हातातल्या अवजारावरून पडलं की जिभेवरून, यावर हॉस्टेलात दोन पक्ष होते.

दोघींच्या पाठीमागे, मायक्रोस्कोपमधलं दाखवणाऱ्या भिंतीवरच्या पडद्यासमोर, हाताची घडी घालून मोठे सर उभे होते. विभागप्रमुख. शिकाऊ मुलांच्या रोजच्या केसेसकडे ते सहसा फिरकत नसत. आज आले होते, कारण विभागात व्याख्यात्याची जागा रिकामी झाली होती. एकच जागा, आणि तिच्यासाठी सर एकच नाव वर पाठवणार होते. घुमीचं, नाहीतर जावयाचं.

जावई म्हणजे घुमीच्याच तुकडीतला डॉक्टर. हुशार, हसतमुख, कामाला वाघ. त्याच्यात खोट काढायला जागा नव्हती. पण आल्या दिवसापासून विभागानं त्याचे असे काही लाड केले होते, की थिएटरच्या मोठ्या सिस्टरनी पहिल्याच महिन्यात त्याला जावई करून टाकलं. चांगल्या केसेस जावयाला, परिषदेत पेपर वाचायला जावई, आणि पाहुण्यांना पुष्पगुच्छ द्यायला मुली.

आजची केस मोतीबिंदूची होती. डोळ्यातलं भिंग एका पातळ पिशवीत असतं. पिशवीची पुढची बाजू म्हणजे कांद्याच्या पापुद्र्याहून नाजूक पडदा. तो बारीक चिमट्यानं धरून गोल फाडत आणायचा आणि जिथून सुरू केला तिथेच मिटवायचा. गोल मिटला की निम्मी लढाई जिंकली. पण फाट भरकटली, कडेकडे धावत सुटली, की पिशवीच उसवते, आणि भिंग डोळ्याच्या तळाशी बुडायची भीती असते. म्हणून या एका गोलापायी शिकणाऱ्यांच्या पोटात गोळा येतो, आणि शिकवणाऱ्यांच्याही.

घुमीचा गोल अर्ध्यापर्यंत सुरेख आला होता. मग फाट किंचित बाहेर वळली. घुमीनं चिमटा सोडला नाही, ओढलाही नाही. हात जागच्या जागी थांबला. ती विचार करत होती.

"सोड," चिमटा मॅडम म्हणाल्या. "उठ."

घुमी उठली. मॅडम तिच्या स्टुलावर बसल्या, डोळ्यात दाब सांभाळणारं जेल भरलं, फाट वळवून आत आणली, गोल मिटवला. पेशंटला काही कळलंसुद्धा नाही. पाठीमागून सरांचा आवाज आला, "छान. वेळेवर सावरलंत मॅडम." आणि सर निघून गेले. त्यांना जे बघायचं होतं ते बघून झालं होतं.

या विभागात उठण्याला फार मोठा अर्थ होता. कुठल्या नियमात लिहिलेला नव्हता, पण सगळ्यांना पाठ होता. शिक्षक 'उठ' म्हणाले की शिकाऊ डॉक्टरनं मुकाट उठायचं, जागा बदलायची, आणि त्या क्षणापासून ती केस शिक्षकाची. कँटीनमध्ये 'आज कोणाला उठवलं?' ही चहाबरोबरची पहिली बातमी असे. उठवलेल्याचा हात कच्चा, असं सगळे धरून चालत. आणि उठणाऱ्यांत मुली जास्त का, हा प्रश्न कोणी विचारतच नसे, कारण उत्तर आधीच तयार होतं: मुलींचा हात कच्चा, म्हणून. त्यांना चष्म्याच्या ओपीडीत बसवा, तिथे त्या लहान मुलांशी गोड बोलतात.

चिमटा मॅडम स्वतः याच थिएटरात याच स्टुलावरून किती वेळा उठल्या असतील, त्याला गणती नव्हती. उठवणारे हेच मोठे सर. तेव्हा त्यांचे केस काळे होते आणि आवाज आणखी मोठा. पुढे मॅडम शिकवायला लागल्या तेव्हा त्यांनी पहिलं भांडण केलं ते मुलींना ऑपरेशनचे वार मिळावेत म्हणून. ते जिंकायला त्यांची उमेदीची वर्षं गेली. आपल्या हाताखाली मुलींना बरोबरीनं शिकायला मिळतं, याचा त्यांना अभिमान होता, आणि तो त्या लपवतही नसत.

म्हणूनच कपडे बदलायच्या खोलीबाहेर घुमी समोर येऊन उभी राहिली तेव्हा, ती आभार मानायला आली असेल, असंच त्यांना वाटलं.

"मॅडम, एक विचारू?"

"विचार की."

"परवा जावयाची केस अशीच भरकटली होती. मी सिस्टरच्या बाजूला उभी होते, पडद्यावर बघितलं. तेव्हा तुम्ही थांबलात." एवढं सलग बोलायची घुमीला सवय नव्हती. "मला का उठवलंत?"

"तुझी फाट जास्त बाहेर गेली होती," मॅडम म्हणाल्या. "पेशंटचा डोळा आधी, तुमचं शिकणं नंतर. आणि सरांसमोर काही झालं असतं म्हणजे?"

"हो मॅडम," घुमी म्हणाली आणि गेली. तिचं 'हो' मॅडमना थपडेसारखं लागलं. वाद घातला असता तर बरं झालं असतं.

थिएटरातलं प्रत्येक ऑपरेशन शिकवण्यासाठी रेकॉर्ड होत असे, आवाजासकट. संध्याकाळी मॅडमनी घरच्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला तो घुमीचं बोलणं खोडून काढायलाच. त्यांचा नवरा शाळेत गणित शिकवायचा. तो टेबलाच्या दुसऱ्या टोकाला मटार सोलत बसला होता. डोळ्यांची ऑपरेशनं बघितली की त्याला मळमळायचं, त्यामुळे पडद्याकडे त्यानं पाठ केली होती.

आधी जावयाची केस. पडद्यावर ना चेहरा, ना नाव. नुसता एक भलामोठा डोळा आणि दोन अवजारांची टोकं. फाट बाहेर वळली. आणि लॅपटॉपमधून मॅडमचा आवाज आला, "थांब, घाई नाही. श्वास घे. जेल भर थोडं. हां, अस्सं. मी आहे इथे, काही होत नाही. आता मुळाशी धर. जमतंय, जमतंय." जावयाचा चिमटा घसरला. "असू दे, परत धर." पुन्हा घसरला. "परत." तिसऱ्यांदा पकड बसली आणि गोल मिटला. "शाब्बास रे राजा," मॅडमचा आवाज म्हणाला.

मग घुमीची केस. फाट बाहेर वळली. आवाज नाही. कुठेतरी यंत्राची घरघर. मग, "सोड. उठ."

मॅडमनी दोन्ही चित्रं शेजारी शेजारी लावून थांबवली. पुन्हा बघितलं. चष्मा पुसून बघितलं. जावयाची फाट बाहुलीच्या कडेला जवळजवळ टेकली होती. घुमीची अजून बरीच आत होती.

"पहिला तुझा लाडका दिसतोय," नवरा शेंगा सोलता सोलता म्हणाला.

"माझं कोणी लाडकं नाही."

"बरं. मग दुसऱ्याशी तू बोललीच नाहीस."

"बोलायला वेळ नव्हता तिथे."

"पहिल्याच्या वेळी होता?"

नवऱ्यानं मान वळवली, पडदा दिसताच पुन्हा फिरवून घेतली. "दुसऱ्या वेळी तू घाबरली होतीस. आपली पोरगी पहिल्यांदा एकटी रस्ता ओलांडत होती तेव्हा तू तिला अशीच हाक मारलीस. ती बिचारी बरोबर चालली होती. तुझ्या ओरडण्यानं मध्येच थांबली."

मॅडमनी लॅपटॉप मिटला. त्यांना शरम वाटली, साधी, कानशिलं तापवणारी शरम. घुमीचा हात कच्चा असता तर एक वेळ चाललं असतं. त्या घाबरल्या होत्या ते घुमीच्या हाताला नव्हे. जावयाचं बिघडलं असतं तर लोक म्हणाले असते, केस अवघड होती. घुमीचं बिघडलं असतं तर म्हणाले असते, बघा, सांगत होतो ना. ते ऐकायला लागू नये म्हणून त्यांनी पोरीला बिघडण्याआधीच उठवलं. वाचवायला गेल्या, आणि स्वतःच्या हातानं तिला बुडवून बसल्या. सर ज्या कामासाठी पडद्यापाशी उभे होते, ते त्यांनीच सरांना आयतं करून दिलं.

"उद्या सरांना दाखवते हे," त्या म्हणाल्या.

"त्यात तूच वाईट दिसशील."

"दिसू दे."

सकाळी सरांच्या खोलीत खिडकीचे पडदे ओढलेले होते. सरांना उजेड सोसत नाही, असं सगळे हळूच म्हणत, आणि डोळ्यांच्या विभागात हे उघड म्हणायची कोणाची टाप नव्हती. टेबलामागे भिंतभर सन्मानचिन्हं होती. सरांच्या गाजलेल्या एका संशोधनाचं चिन्ह मधोमध होतं. त्या संशोधनातले सगळे पेशंट मॅडमनी तपासले होते आणि निम्मा लेखही लिहिला होता. चिन्हावर आणि लेखावर त्यांचं नाव कुठेच नव्हतं. लेखाच्या शेवटी बारीक अक्षरात 'सहकाऱ्यांचे आभार' एवढं होतं, त्यातच समाधान मानायचं.

"पाच मिनिटं द्या सर," मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी कोणाची केस कोणती हे न सांगता दोन्ही चित्रफिती लावल्या.

सरांनी नीट बघितल्या. बघण्यात ते कधी आळस करत नसत, तेवढं मॅडम त्यांचं मानत आल्या होत्या. "पहिल्याची फाट जास्त गेली होती," सर म्हणाले. "हा जावई."

"हो. आणि त्याला मी तीनदा पकड घेऊ दिली. हिला एकदाही नाही. चूक हिची नाही सर, माझी आहे. कालचं उठणं धरू नका."

सर खुर्चीत मागे रेलले. त्यांना राग आला नव्हता, आणि तेच मॅडमना जास्त झोंबलं. "मॅडम, तुम्ही तिला तीन वर्षं शिकवताय. तिचा हात तुमच्याइतका कोणी ओळखत नाही. आणि नेमक्या वेळी तुम्हालाच तिचा भरवसा वाटला नाही. मग मी कुठल्या तोंडानं तिचं नाव पाठवू?"

मॅडमच्या तोंडचं पाणी पळालं. आपली चूक कबूल करायला त्या आल्या होत्या, आणि सरांनी ती कबुली अलगद उचलून पोरीच्याच गळ्यात घातली होती.

"मला तिचा भरवसा होता," त्या म्हणाल्या. "तुमचा नव्हता."

सरांनी टेबलावरचं पेन उचललं, परत ठेवलं.

"बरं," ते म्हणाले. "मला कोणी पक्षपाती म्हटलेलं आवडत नाही. उद्या सकाळी तिला एक केस द्या. मी उभा राहीन. शेजारी तुम्हीच बसा. उठावं लागलं, तर विषय संपला. परत माझ्याकडे यायचं नाही."

"एक सांगते," मॅडम दारातून वळल्या. "फाट बाहुलीच्या कडेआड गेली, दिसेनाशी झाली, तर मी स्वतः तिला उठवीन. पेशंटच्या डोळ्याशी खेळ नाही. पण त्याआधी कोणाच्या सांगण्यावरून उठवणार नाही. जावयाला जेवढी मुभा होती तेवढी तिला."

"बघू," सर म्हणाले.

दुसऱ्या दिवशीचा पेशंट एक निवृत्त बस कंडक्टर निघाला. मोतीबिंदू पांढराफटक झालेला, दुसरा डोळा मात्र ठणठणीत. मॅडमनी त्याच्या खाटेशी बसून सांगितलं, "काका, ऑपरेशन या डॉक्टर करणार आहेत. मी शेजारी असेन, पूर्ण वेळ. चालेल ना?"

काकांनी चांगल्या डोळ्यानं घुमीला न्याहाळलं. "हात थरथरतो का गं पोरी तुझा?"

"नाही काका," घुमी म्हणाली.

"मग चालेल. माझा थरथरायचा, तरी तिकीट कधी चुकीचं फाडलं नाही."

इंजेक्शननं डोळा बधिर झाला, चेहऱ्यावर हिरवं कापड आलं. घुमी मुख्य स्टुलावर बसली. मॅडम शेजारी. सर पडद्यापाशी, हाताची तीच घडी. जावईही मागे येऊन उभा राहिला होता. त्याचा चेहरा उतरला होता. काल मॅडमनी त्यालाही सगळं सांगितलं होतं, आणि तो एवढंच म्हणाला होता, "माझ्या हे कधी लक्षातच आलं नाही." तो खोटं बोलत नव्हता. लक्षात येण्याची त्याला कधी गरजच पडली नव्हती.

"काका, आता हलायचं नाही," घुमी म्हणाली.

"आयुष्यभर लोकांना पुढे सरका, पुढे सरका करत आलो," कापडाखालून आवाज आला, "आता म्हणे हलायचं नाही."

सिस्टर फिसकन हसल्या. सर हसले नाहीत.

घुमीनं डोळ्यात निळा रंग सोडला, पिशवीचा पडदा निळसर उठून दिसला. पहिला छेद. पापुद्रा उचलला गेला. चिमटा धरून ती गोल फिरू लागली, सावकाश, थोडं फाडून परत पकड घेत. पाव गोल झाला. अर्धा झाला. मॅडमच्या मानेवर घाम आला होता. आपण श्वास रोखून धरलाय हे त्यांच्या ध्यानात आलं आणि त्यांनी तो मुद्दाम सोडला.

"छान चाललंय," त्या म्हणाल्या. बोलायचं ठरवूनच आल्या होत्या. "असंच जाऊ दे."

आणि काकांना खोकला आला.

घुमीनं क्षणात अवजारं डोळ्याबाहेर काढली. जे करायला हवं तेच, तेवढ्याच झपाट्यानं. पण आतला दाब वर उसळला होता. निळ्या पापुद्र्याची फाट सरळ बाहेर धावली आणि बाहुलीच्या कडेपाशी जाऊन थांबली. पडद्यावर ती सगळ्यांना दिसली.

"काका, झालं का खोकून?" घुमीनं विचारलं.

"झालं गं. घसा सुकला. काही बिघडलं का?"

"सांगते. आता शांत पडा."

मॅडमचा उजवा हात पुढे आला होता. कधी आला ते त्यांना कळलंच नाही. इतक्या वर्षांची सवय मनाला विचारत बसत नाही. फाट कडेला टेकलेली होती, आड गेलेली नव्हती. अजून दिसत होती. जेमतेम, पण दिसत होती.

"उठवा तिला," पाठीमागून सर म्हणाले.

कोणी हललं नाही.

"मॅडम, फाट कडेला गेलीय. उठवा!"

आणि घुमी उठायला लागली. मॅडमनी तिला सांगितलं नव्हतं. पण तो शब्द कानावर पडला की उठायचं, हे या थिएटरात मुलींच्या हाडीमांसी खिळलं होतं. तिचा पाय मायक्रोस्कोपच्या पेडलवरून सुटला, पाठ सरळ झाली, स्टूल करकरलं. तिच्या मास्कवरचे डोळे मॅडमना दिसले. त्यात रडू नव्हतं, तक्रारही नव्हती. त्यात नुसतं 'माहीत होतं' एवढंच होतं, आणि ते बघून मॅडमच्या काळजाचं पाणी झालं.

पुढे आलेला हात त्यांनी घुमीच्या कोपरावर ठेवला आणि खाली दाबला.

"बस," त्या म्हणाल्या.

"मॅडम, सर म्हणतायत..."

"तुला कोण शिकवतंय? मी ना? मग बस. पाय पेडलवर. डोळे नळीला. फाट दिसतेय का तुला?"

"दिसतेय."

"मग अजून आपल्या हातात आहे. सांग काय करशील."

घुमीचा बारीक आवाज आला, "जेल भरीन. आतला दाब बसेल."

"भर."

जेल आत गेलं. पापुद्रा हळूहळू खाली बसला. सर पडद्याच्या आणखी जवळ आले. त्यांची सावली टेबलावर पडली.

"पुढे?"

"पापुद्रा उलगडून सपाट करीन. मुळाशी धरीन. मागे ओढीन आणि मग मध्याकडे."

"कर."

चिमटा आत गेला. पापुद्रा उलगडला. चिमट्याचं टोक मुळाशी टेकलं, मिटलं आणि सटकलं. थिएटरात सगळ्यांचा श्वास एकदम आत गेल्याचं ऐकू आलं. फाट केसभर पुढे सरकली.

"मॅडम!" सर जवळजवळ ओरडले.

मॅडमना मनापासून भीती वाटत होती. आणखी केसभर, आणि त्यांना उठवावं लागलं असतं. त्यांनी उठवलंही असतं, आणि सगळं तिथेच संपलं असतं. काकांचा डोळा त्यांना त्या पोरीहून जवळचा होता. तो तसाच असायला हवा होता.

"परत धर," त्या म्हणाल्या. "घाई नाही. मी आहे इथे. श्वास घे, मग धर."

घुमीनं श्वास घेतला. चिमटा परत आत. यावेळी टोक अगदी मुळाशी गेलं आणि घट्ट मिटलं. मागे, अगदी हळू. फाट हलेना. मग हलली. ज्या वाटेनं बाहेर धावली होती तिकडून कुरकुरत मागे वळली, आणि मग मध्याकडे आली. घुमीनं पकड बदलली, पुन्हा बदलली. गोल पुढे सरकला. तो काही सुरेख नव्हता. एका बाजूनं अंमळ फुगलेला होता. पण मिटला.

"काका," घुमी म्हणाली, "काही बिघडलेलं नाही. आता भिंग काढते."

"काढ, काढ. मी कुठे घाईत आहे?"

पुढचं काम सरळ झालं. मोतीबिंदू निघाला, नवं भिंग पिशवीत नीट बसलं. मागे जावयानं इतक्या जोरात उसासा टाकला की सिस्टरनी त्याला डोळे वटारले. काकांना बाहेर नेलं तेव्हा कुठे सर बोलले.

"हा धोका होता मॅडम. बिघडलं असतं तर?"

"तर मी बसले असते, सावरलं असतं, आणि उद्या पुन्हा तिलाच बसवलं असतं," मॅडम म्हणाल्या. मास्क ओढून खाली केला होता, चेहरा लाल झाला होता. "जावयाचा चिमटा दोनदा सटकला, हिचा एकदा. त्याच्या सटकण्याला तुम्ही कधी धोका म्हणाला नाहीत, तयारी म्हणालात. तुम्हीच नाही, मीही तेच म्हणत आले. परवापर्यंत."

सर पडद्याकडे बघत राहिले. तिथे आता काही नव्हतं. त्यांनाही बहुधा कुठलं तरी जुनं उठवणं आठवलं असावं, किंवा नसेलही. मॅडमना आता त्याच्याशी देणंघेणं उरलं नव्हतं.

"तिचं नाव पाठवतो," सर शेवटी म्हणाले. "पण उद्या तिच्या हातून काही झालं, तर वर मी तुमचं नाव घेईन."

"घ्या सर," मॅडम म्हणाल्या. "इतक्या वर्षांत कशातच घेतलं नाहीत. यात तरी घ्या."

सिस्टर अवजारं आवरायला वळल्या त्या खूप वेळ वळूनच राहिल्या. सर बाहेर गेले. दार त्यांच्यामागे आपोआप झुलत बंद झालं.

पुढची केस मॅडमची स्वतःची होती, यादीत तसंच ठरलेलं होतं. मुख्य स्टुलावर आता त्यांनी बसायचं. त्या घुमी उठायची वाट बघत उभ्या राहिल्या.

घुमीनं हातमोजे बदलले, गाऊन बदलला आणि पुन्हा त्याच स्टुलावर येऊन बसली. स्टुलाची उंची आपल्या बेतानं थोडी खाली घेतली. मायक्रोस्कोपचं हँडल धरून नळी स्वतःच्या डोळ्यांसमोर आणली.

"घुमे," मॅडम म्हणाल्या, "ही केस माझी आहे."

"माहीत आहे मॅडम," घुमी नळीतून डोळे न काढता म्हणाली. "तुम्ही शेजारी बसा. सिस्टर, पेशंटला आत घ्या."